५.८ सेंमीची गाठ, पुढच्या बुधवारी ऑपरेशन. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का?

शहापुरी_काठ

नमस्कार मंडळी. वय ३४, एक मुलगी सहा वर्षांची. बेळगावात शहापूरला राहते, घरीच शिलाई करते.

गेल्या महिन्यात उजव्या बाजूला ओटीपोटात दुखायला लागलं. मशीनवर पाय मारला की कळ यायची. दोन दिवस गोळीवर काढले, मग डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीवर ५.८ बाय ४.९ बाय ४.६ सेंमीची गाठ निघाली, आत बारीक जाळीसारख्या रेषा आहेत असं लिहिलंय. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, बघितली आणि म्हणाले गड्डे आहे, काढायला पाहिजे, पुढच्या बुधवारी या. सगळं कन्नडात. मला कन्नड बाजारहाटापुरतं येतं. बाकीचं डोक्यावरून गेलं, ‘गड्डे’ एवढा एकच शब्द घेऊन घरी आले. सासूबाईंच्या लेखी गाठ म्हणजे एकच आजार, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

नंतर सीए-१२५ ची रक्ततपासणी झाली, ओव्हरीच्या कर्करोगाची शंका असली की करतात ती. आकडा ४८. रिपोर्टवर ३५ च्या आत पाहिजे असं छापलंय आणि माझ्या आकड्यापुढे बाण काढलाय.

परवा सहीचा कागद दिला, इंग्रजीत. भाच्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, “मावशी, यात नुसती गाठ नाही, उजवी ओव्हरी आणि नळी काढणार असं लिहिलंय.” मला तर तोंडी फक्त गाठ म्हणाले होते.

याच डॉक्टरांनी माझं बाळंतपण केलं. रात्री दोन वाजता उठून आले होते. त्यांना न सांगता दुसरीकडे गेले तर विश्वास मोडल्यासारखं वाटतंय. काय करू?

मार्कंडेयकाठ

सही करू नको. आधी ओव्हरी का काढायची ते समजून घे. वय ३४ आहे तुझं.

येळ्ळूरगड

ताई, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. चार डॉक्टर केले की चार मतं होतात आणि माणूस घरी बसतो. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हुबळी, कोल्हापूर, पुणे असं फिरलो आणि शेवटी पहिल्यानं सांगितलं तेच झालं, फक्त तीन महिने उशिरा. ज्यांनी तुमचं बाळंतपण नीट केलं त्यांच्यावर भरवसा ठेवा.

निपाणी_नाका

येळ्ळूरगड यांचं अगदीच चूक नाही. माझ्या पुतणीची गोष्ट सांगते.

वय २४, डाव्या बाजूला ७ सेंमीचा डर्मॉइड. या गाठीत केस, चरबी, कधी दातसुद्धा असतात. लग्न ठरलेलं, म्हणून घरच्यांनी ऑपरेशन पुढं ढकललं, कोणाला कळू दिलं नाही. एका रात्री अकराच्या सुमारास पोटात अशी कळ आली की ती जमिनीवर आडवी झाली, पाठोपाठ उलट्या. आईला वाटलं पित्त. लिंबूपाणी, ओवा, गरम पाण्याची पिशवी, सगळं करून झालं. पहाटे चारला गाडी काढून कोल्हापूर गाठलं. गाठीच्या वजनानं ओव्हरीला पीळ पडला होता, रक्तपुरवठा बंद. आत उघडलं तर ओव्हरी जांभळी-काळी झालेली. डॉक्टरांनी पीळ सोडवला, गाठ काढली आणि ओव्हरी ठेवली. ते म्हणाले, काळी दिसली तरी बऱ्याचदा परत जगते. जगली. आता ती बाळंतीण आहे.

म्हणून शहापुरी_काठ, मत कितीही जणांचं घे, पण अचानक असह्य दुखलं आणि उलट्या झाल्या तर त्याच क्षणी दवाखाना. तेव्हा बेळगाव की कोल्हापूर हा विचार करत बसायचं नाही, जे जवळ आहे ते.

सोनोवाली_मिरज

मी रेडिओलॉजिस्ट आहे. फिल्म हातात न घेता तुमचं निदान सांगणं बरोबर नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकते.

गाठ हा शब्द फार मोठा आहे. पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला पाण्याचा एक फुगा तयार होतो, फुटतो, बीज बाहेर येतं. ३ सेंमीपर्यंतचा साधा फुगा आम्ही गाठ म्हणतच नाही. कधी तो फुटत नाही आणि वाढत राहतो, कधी फुटल्यावर आत रक्त साचतं. साचलेलं रक्त गोठताना सोनोग्राफीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या, मासे धरायच्या जाळीसारख्या रेषा दिसतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘जाळीसारख्या रेषा’ आहेत म्हणून माझे कान टवकारले. अशा रक्ताच्या गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. पाच सेंमीच्या वरची असेल तर ६ ते १२ आठवड्यांनी परत सोनोग्राफी करून जिरली का ते बघायचं, हा नेहमीचा रस्ता.

परत करायची ती पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात. नाहीतर त्या महिन्याचा नवा फुगा दिसतो आणि जुनी गाठ तशीच आहे असा घोटाळा होतो. शक्यतो त्याच सेंटरला करा आणि जुनी फिल्म सोबत न्या. विवाहित असाल तर खालून केलेल्या सोनोग्राफीत ओव्हरी जास्त स्पष्ट दिसते.

रिपोर्टमध्ये हे चार शब्द शोधा: आत घट्ट भाग आहे का, त्या घट्ट भागात रक्तप्रवाह आहे का, आतल्या भिंती जाड आहेत का, पोटात पाणी आहे का. यातलं काही असेल तर वाट बघत बसू नका, तुमच्या डॉक्टरांची घाई रास्त आहे. यातलं काहीच नसेल तर ‘दोन महिने थांबलो तर काय होईल?’ हे त्यांना विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हल्ली बरेच रिपोर्ट शेवटी ओ-रॅड्स असा आकडा देतात. २ म्हणजे कर्करोगाची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी. ४ किंवा ५ असेल तर थेट स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञ.

आणि सीए-१२५. रक्त कधी दिलं होतं? पाळीत दिलं असेल तर हा आकडा तसाही वाढतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भपिशवीतली साधी गाठ), ओटीपोटातला जंतुसंसर्ग, पोटाचा क्षयरोग, या सगळ्यांत वाढतो. पाळी गेलेल्या बाईत या आकड्याला वजन आहे. ३४ व्या वर्षी ४८ या एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. त्या बाणाकडे बघून झोप घालवू नका.

शहापुरी_काठ

सोनोवाली ताई, तिसऱ्या दिवशी दिलं होतं रक्त. पाळी चालूच होती. कोणी विचारलंच नाही.

तुमचे चार शब्द भाच्याकडून शोधून घेतले. घट्ट भाग नाही, रक्तप्रवाह नाही, पाणी नाही असं लिहिलंय. भिंतींबद्दल काही लिहिलेलं नाही.

अंगणातली_जास्वंद

मला पण असंच होतं, साडेचार सेंमी. वैद्यांचा काढा तीन महिने घेतला, पूर्ण गेली. ऑपरेशनच्या आधी एकदा करून बघ.

मार्कंडेयकाठ

जास्वंद, तुझी गाठ गेली याचा आनंदच आहे. पण वर सोनोवाली ताईंनी लिहिलंय की साध्या गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातात. म्हणजे त्या तीन महिन्यांत काढा घेतलेलीची पण जाते, काहीच न घेतलेलीची पण जाते. डर्मॉइड मात्र काढ्यानं जात नाही, निपाणी_नाकांची पुतणी वाचली का वर?

सोनोवाली_मिरज

हे गर्भनिरोधक गोळ्यांनाही लागू आहे. ‘गाठ विरघळायला गोळ्या’ म्हणून सर्रास देतात. या गोळ्यांनी नवीन गाठी व्हायचं प्रमाण कमी होतं, पण आहे ती गाठ लवकर जात नाही. यावर अभ्यास झालेत.

टिळकवाडी_तिसरं_गेट

मधेच विचारते. माझ्या मुलीला, वय १९, पीसीओडी सांगितलंय, दोन्ही ओव्हरीत गाठीच गाठी लिहिलंय. तिचंही ऑपरेशन लागेल का?

सोनोवाली_मिरज

नाही. नावात गाठी असल्या तरी पीसीओडीतल्या त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेली छोटी बीजं असतात, काही मिलिमीटरची. तो हार्मोनचा विषय आहे, त्यासाठी कोणी ओव्हरी कापत नाही. तिची पाळी, वजन, साखर याकडे लक्ष द्या. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

खानापूर_लोंढा

माझी चॉकलेट सिस्ट होती, एंडोमेट्रिओसिसची, जुन्या रक्तानं भरलेली. २७ व्या वर्षी एकदा काढली, ३० व्या वर्षी परत आली, परत काढली. पहिल्यांदा मला कोणी सांगितलंच नाही की गाठ सोलून काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो आणि बीजांचा साठा कमी होतो. दुसऱ्या ऑपरेशननंतर एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) केलं तर इतकं कमी की डॉक्टरीण बाई दोन मिनिटं गप्पच बसल्या. पहिल्यांदाच दुसरीकडे दाखवलं असतं तर ‘आधी मूल, मग गाठ’ असं कोणीतरी म्हणालं असतं. मी आता गोव्याला उपचार घेतेय, आशा सोडलेली नाही.

काठ, मूल अजून हवंय का तुला? हवं असेल तर ते पहिल्या वाक्यात डॉक्टरांना सांग. विचारेपर्यंत थांबू नको. मी थांबले होते.

येळ्ळूरगड

खानापूरताई, हे वाचून वाईट वाटलं. माझं मत थोडं हललं. तरी म्हणतो, दुसरं मत घ्या, पण पाचवं-सहावं नको.

अथणीची_आत्या

येळ्ळूरगडदादा, तुमच्या या शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय. लिहायचं नव्हतं.

माझी थोरली बहीण. वय ५८, पाळी जाऊन सात वर्षं. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय. गॅस म्हणून चार महिने गोळ्या. मग सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी, पोटात पाणी. पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हुबळीला नवनगरच्या कॅन्सर इस्पितळात जा. ते आम्हाला ऐकायचं नव्हतं. दुसरीकडे गेलो, तेही तेच म्हणाले. तिसरीकडे गेलो. चौथ्यानं ‘बघूया, महिनाभर औषध घ्या’ म्हटलं आणि आम्ही त्यालाच धरून बसलो. मत आम्ही घेत नव्हतो, आम्हाला हवं ते उत्तर शोधत होतो. बहीण दीड वर्षात गेली.

पाळी गेलेल्या बाईच्या पोटात गाठ निघाली, सोबत असं पोट फुगणं असेल, तर दुसरं मत एकच, आणि तेही स्त्रियांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाचं, आठवड्याच्या आत. पाळी चालू असलेल्या पोरीला लावायचा हिशेब तिथं लावू नका.

सोनोवाली_मिरज

आत्या, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पाळी गेल्यावर पाच सेंमीच्या आतली, एकाच बाजूची, अगदी स्वच्छ पाण्याची गाठ असेल आणि सीए-१२५ ठीक असेल तर चार-सहा महिन्यांनी बघत राहता येतं. बाकी कशालाही थांबायचं नाही. घरात आई, मावशी, बहिणीला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कर्करोग झाला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं.

निपाणी_नाका

आत्या, तुमच्या बहिणीला नमस्कार.

शहापुरी_काठ

आत्या, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

मी दुसरीकडे जायचं ठरवतेय. कुठं जाऊ? आणि खर्चाचं कसं?

चंदगडी_काजू

आमच्याकडची माणसं एकतर बेळगावला केएलई इस्पितळात येतात, नाहीतर गडहिंग्लज, कोल्हापूर. तुला बोलायला मराठी हवं असेल तर मिरज-कोल्हापूर बरं पडेल. निपाणीपर्यंत कर्नाटकच्या बसला शक्ती योजनेत बायकांना तिकीट लागत नाही, पुढचं तेवढं काढायचं. मिरजेला रेल्वेही आहे.

बिम्स_परिचारिका

आधी बेळगावातलं सरकारी बघा. बिम्सची ओपीडी आहे, केसपेपर काढा, रिपोर्ट दाखवा. आमच्याकडे निम्म्या सिस्टर मराठी बोलतात, डॉक्टरांनाही समजतं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकखाली पाच लाखांपर्यंत मिळतं, पण बहुतेक ऑपरेशनला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. खाजगीत आधी ॲडमिट होऊन मग कार्ड पुढे केलं की माणसं अडकतात. घरात कोणी सोसायटीचं सभासद असेल तर यशस्विनी आरोग्य योजना आहे का बघा.

महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण त्याच्या भरवशावर गाडीत बसू नका, आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) फोन करून तुमचं कार्ड चालतं का ते पक्कं करा.

आणि एक. फाईल मागायला लाजू नका. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा नियम २००२ पासून आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर दुसरं मत घेणं हा हक्क म्हणून लिहिलाय. नुसता टाईप केलेला रिपोर्ट नको, फिल्मसुद्धा घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना फिल्म नसली की ते परत सोनोग्राफी लिहून देतात, आणि मग तुम्हाला वाटतं पैसे काढतात.

मार्कंडेयकाठ

भाषेचं सांगते. कन्नडात ‘गड्डे’ म्हणजे कसलीही गाठ, पाण्याची असो की मांसाची. ‘नीरिन गुळ्ळे’ का, असं विचार. पाण्याचा फोड. आणि कन्नड बोलणारं कोणी सोबत ने, म्हणजे तुझ्याच डॉक्टरांना आधी नीट विचारता येईल. बाळंतपण केलेला माणूस आहे, विचारल्यावर खेकसणार नाही. विचारायचं एवढंच: ओव्हरी ठेवून नुसती गाठ काढता येणार नाही का? सहीच्या कागदावर सिस्टेक्टमी लिहिलंय की ओफोरेक्टमी, बघ. पहिल्यात गाठ जाते, दुसऱ्यात ओव्हरी.

टिळकवाडी_तिसरं_गेट

आपल्या भागात गर्भपिशवी आणि ओव्हरी काढायला डॉक्टर जितके तयार, तितक्या बायकाही तयार असतात. ‘मूल झालं, आता काय करायचीय’ हे वाक्य मी आईच्या, मावशीच्या तोंडून ऐकलंय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आमच्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, आमच्या गावात पण अर्ध्या जणींची काढलीय. चाळिशीच्या आत दोन्ही ओव्हरी गेल्या की हाडं, हृदय सगळ्यावर परिणाम होतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शहापुरी_काठ (नऊ दिवसांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं.

धाकट्या जावेला कन्नड चांगलं येतं, तिला घेऊन आधी आमच्याच डॉक्टरांकडे गेले. विचारलं. ते म्हणाले, गाठच काढायची आहे, आत काही वाईट दिसलं तरच ओव्हरी, फॉर्म छापील आहे म्हणून तसं आहे. जावेनं विचारलं, मग फॉर्मवर तसं लिहून द्याल का? त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ कागदाकडे बघितलं, पेन बंद केलं आणि म्हणाले, “असं करा, एकदा कुठं दाखवायचं ते दाखवून या, मी कागद देतो.” रागावले नाहीत. फिल्म स्वतः पाकिटात घालून दिली.

मिरजेला गेलो. तिथल्या बाईंनी शेवटची पाळी कधी, मूल हवंय का, घरात कोणाला कर्करोग आहे का, सगळं विचारलं. मग खालून सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. काळा गोल, आत पांढऱ्या बारीक रेषा, अगदी क्रोशाच्या विणीसारख्या. म्हणाल्या, रक्ताची गाठ वाटतेय, सात आठवडे थांबू. ऑपरेशन रद्द नाही, पुढे ढकललंय. दुखलं, उलटी झाली तर त्याच क्षणी यायचं हे त्यांनीही सांगितलं.

येळ्ळूरगडदादा, दोनच डॉक्टर केले, तिसरा नाही.

येळ्ळूरगड

ताई, बरं झालं गेलात. तुमच्या डॉक्टरांनी स्वतः कागद दिले, हेही मोठं मन झालं.

शहापुरी_काठ (दोन महिन्यांनी)

परवा पाळीच्या नवव्या दिवशी परत सोनोग्राफी झाली. उजवीकडे २.१ सेंमी उरलीय, जाळी जवळजवळ गेली. दुखणं नाही, मशीन पूर्ववत चालू आहे. डावीकडे १.७ सेंमीचं काहीतरी लिहिलंय ते वाचून परत पोटात गोळा आला होता.

सोनोवाली_मिरज

ते या महिन्याचं बीज आहे. नवव्या दिवशी तिथं असायलाच पाहिजे.

शहापुरी_काठ

तिथल्या बाईही हसून हेच म्हणाल्या. येताना आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी जुन्या फाईलला टाचून ठेवला.

आत्या, तुमच्यासाठी एक लिहायचं होतं. सासूबाई ६१ वर्षांच्या. तुमचं वाचून दाखवलं तेव्हा त्या उठून गेल्या होत्या ना, काल रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, “मला पण पोट फुगल्यासारखं होतंय, दिवाळीपासून.” भाकरी निम्मीच खातात हे मी बघत होते, वाटायचं माझ्याच काळजीनं.

सोमवारी सकाळची वेळ घेतलीय. त्यांची नवी फाईल केली, पहिल्या पानावर वय आणि पाळी कधी गेली ते लिहिलं. त्यांच्या मावशीला स्तनाचा कर्करोग होता, तेही लिहिलं.

अथणीची_आत्या

सोमवारी दुपारी इथं लिही. मी बघत असेन.